हिरोचं मरण

हिरोला मरता येत नव्हतं. उमेदीत केलेल्या सगळ्या सिनेमांत तो शेवटपर्यंत जिवंत राहिला होता, त्यामुळे सवयच नव्हती. आता पासष्टीनंतर, कित्येक वर्षांनी एका मालिकेने विचारलं होतं, तेही पहिल्याच भागात मरणाऱ्या वडिलांसाठी. निवडीसाठी घरीच मरून दुपारपर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता. हे काम हुकलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बायको मोबाइल धरून उभी होती.

“मरताय की आळस देताय?”

“तू फक्त शूटिंग कर. काहीही झालं तरी थांबायचं नाही, मधे बोलायचं नाही. टेक म्हणजे टेक!”

या खेपेला त्याने जीव ओतला. छाती धरली, किंकाळी फोडली आणि टीपॉयसकट धाडकन पडला. खालच्या मजल्यावरचे मास्तर धावत वर आले. उजेडासाठी दार उघडंच ठेवलं होतं.

“वहिनी! अहो, भाऊ गेले! आणि तुम्ही शूटिंग करताय?”

वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. धक्क्याने यांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं समजून मास्तरांनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ते हिरोच्या उशाशी बसून हुंदके देऊ लागले.

“काय नट होता! असा पुन्हा होणे नाही. आम्ही रांगा लावायचो हो याच्यासाठी!”

खरं तर हिरोने तेव्हाच उठायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. तो पडून राहिला. शेजारी जमले, त्यांनीही भर घातली. शेवटी ॲम्ब्युलन्सवाल्याने मनगट धरलं.

“यांची नाडी तर धडधडतेय!”

“कट!” हिरो उठून बसला.

“म्हणजे मी उगाच रडलो?” मास्तर तणतणत निघून गेले. दुसऱ्या टेकला वेळच उरला नाही. होता तोच व्हिडिओ गेला.

संध्याकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. “सर, मरण काही जमलेलं नाही. मेल्यावर तुम्ही हसताय.”

हिरो मटकन खुर्चीत बसला.

“पण काय हसताय! आम्ही मरणाचा प्रसंगच काढून टाकला. वडील आधीच गेलेत. भिंतीवर तुमचा हसरा फोटो. मालिका संपेपर्यंत रोज दिसाल.”

“आणि संवाद?”

“फोटोला कसले संवाद, सर? व्हिडिओ जरा धूसर आहे. अगदी तस्संच हसताना एक स्वच्छ फोटो पाठवा.”

हिरोने दाढी केली, ठेवणीतला शर्ट घातला. बायकोने मोबाइल धरला. तो हसला, पुन्हा हसला. तसं हसू काही येईना.

बायकोने मोबाइल खाली ठेवला आणि जिन्यात जाऊन हाक मारली, “मास्तर, जरा वर येता का? पुन्हा रडायचंय.”