चाळीस पोत्यांची भाऊबीज

रघूशेठना किती वाजले असं विचारलं, की ते म्हणत, "जेवायला अजून तीन पोती आहेत."

पनवेलच्या बाजारामागे त्यांची भाताची गिरणी होती आणि तिच्या भिंतीला लागून माझं बिऱ्हाड. एक पोतं भात सडायला पाव तास लागे, म्हणून जगातला सगळा वेळ रघूशेठ पोत्यांत मोजत. दाढी एक पोतं, केस कापणं दोन, सत्यनारायणाची पूजा दहा. आमच्या शेजारचे तात्या वारले, तेव्हा स्मशानातून परतताना हे गृहस्थ मला हळूच म्हणाले, "मास्तर, बारा पोती गेली." तात्या गेल्याचं कुठे नाव नाही!

मला हा माणूस मुळीच आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याकडे चहाला बसावं, तर पहिला घोट घ्यायच्या आत "मुद्दा बोला" असं ऐकावं लागे. मी पडलो बिनमुद्द्याचा माणूस, त्यामुळे बोलणं तिथेच संपे. लग्न त्यांनी केलं नाही. "मुलगी बघण्यातच शंभर पोती जातात," म्हणे. ती शंभर पोती वाचवून त्यांनी काय केलं? आणखी शंभर पोती सडली. सुटली बिचारी कोणीतरी, असं आमची ही म्हणायची.

सख्खं म्हणावं असं त्यांना एकच माणूस होतं, आपट्याची आक्का. थोरली बहीण, विधवा, पोटी मूलबाळ नाही. आई गेल्यावर तिनेच यांना लहानाचं मोठं केलेलं. दर दिवाळीत ती भाऊबीजेला बोलावी, आणि दर दिवाळीत नवं भात गिरणीच्या दारात येऊन पडलेलं असे.

"जाऊन येऊन दिवस मोडतो. चाळीस पोती! आणि ती ओवाळणार किती वेळ? पाच मिनिटं!"

मग आदल्या दिवशी तांदूळ घेऊन आपट्याला परतणाऱ्या पदू गाडीवानाच्या हातावर ते पाच रुपयांची नोट ठेवत. ओवाळणी गेली, काम झालं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पदू नवी खेप घेऊन येई आणि नोट परत देई. "बाय बोलली, ओवाळल्याबिगर ओवाळणी घेत नाय."

"हट्टी आहे," म्हणत रघूशेठ नोट खिशात घालत. असं नऊ वर्षं चाललं. दरवर्षी भावाचं कर्तव्यही करायचं आणि पाच रुपये परतही मिळवायचे, याला म्हणतात धंदा, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

दहाव्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, भर हंगामात, गिरणी दुपारीच बंद झाली. दारात गाड्यांची रांग, गाडीवानांची आरडाओरड, आणि रघूशेठ माझ्या ओटीवर येऊन बसलेले.

"मास्तर, तिने घेतली."

"काय घेतली?"

"ओवाळणी. पदू रिकाम्या हातांनी आला."

मला हसू आवरेना. "पाच रुपये गेले म्हणून गिरणी बंद?"

त्यांचं लक्षच नव्हतं. "आपट्याला येता का माझ्याबरोबर? एकट्याने जायचा धीर होत नाही."

खरं सांगायचं तर मी गेलो तो गंमत बघायला. मोटारीने फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. वाटेत एकदाही त्यांनी पोत्यांचं नाव काढलं नाही.

आक्का ओसरीवर वाल सोलत बसली होती. चांगली धडधाकट. भावाला बघूनही ती उठली नाही.

"भाऊबीज काल होती," एवढंच म्हणाली.

"माझे पाच रुपये परत दे," रघूशेठ म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांनी बहिणीच्या दारात आलेला भाऊ, आणि तोंडातून पहिलं वाक्य हे! मी दोन शब्द सुनावणार, तोच ते पायरीवर मटकन खाली बसले.

"परत पाठवत होतीस, म्हणजे वाट बघत होतीस ना, आक्का? आता घेतलीस. म्हणजे संपलं का गं? अशी नको घेऊस. दे परत."

आक्काचे हात थांबले. "रघ्या, नऊ वर्षं पाट मांडला रे," ती म्हणाली. "यंदा मांडावासाच वाटला नाही."

मग ती गुडघ्यांवर हात टेकत उठली, आत गेली, डब्यातली नोट घेऊन आली आणि त्यांच्या मुठीत कोंबली. "पुढच्या वर्षी तू घेऊन ये."

पैसे परत मिळाले म्हणून ढसाढसा रडणारा माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला.