वाघमारे सर गाडीखाली आहेत

अंबडला बदली होऊन आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी दार उघडलं तर माझ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पुरुषाचे पाय, अंगठे आभाळाकडं. काल संध्याकाळी गाडी मागं घेताना आपण कुणाला तरी चिरडलं, एवढंच डोक्यात आलं आणि हातातली दुधाची पिशवी पायरीवर फुटली. चिरडलेला माणूस चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवत नाही, हे सुचायला मला जरा वेळच लागला.

"म्याडम, हिचं पोट कधी धुतलं होतं?" पायांकडून आवाज आला.

मी दाराला धरून उभी राहिले. पोट म्हणजे गाडीचं पोट, हे मला पुढं कळलं. समोरच्या घरातले वाघमारे सर सरपटत बाहेर आले. साठी उलटलेला किडकिडीत माणूस, हातात खुरपं आणि खुरप्यावर वाळलेल्या काळ्या मातीचं भाकरीएवढं ढेकूळ. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे तुमचंच हाय. वरून गाडी आरशासारखी, अन् खाली अर्धं वावर घेऊन हिंडून राह्यल्या." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि समोरच्या घरात निघून गेले. मी एका हातात दूध गळणारी पिशवी आणि एका हातात ढेकूळ घेऊन तशीच.

तेवढ्यात त्यांची बायको चहाचा कप घेऊन आली. ती काहीतरी बोलली. मला वाटलं, नवऱ्याबद्दल गुपचूप काही सांगायचं असेल, म्हणून मी कान पुढं केला. "चहा घ्या. त्यांचं मनावर घेऊ नका," एवढंच होतं ते. काकूंचा आवाजच तेवढा, कुजबुजीएवढा उरला होता. गळ्यातली गाठ काढल्यावर कधी कधी असं होतं म्हणे. आला तर येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गल्लीतल्या बायका सांगायच्या, याच सुमनबाई विहारात वंदना म्हणायला लागल्या की माइक बंद ठेवायचे, पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत ऐकू जायचं. मला काही ते खरं वाटेना.

वाघमारे सर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. कुणाच्या घरी गेले तर लोक आधी देवाला नाही तर फोटोला हात जोडतात, हे आधी अंगणातल्या गाडीखाली वाकून बघणार. "आधी पोट बघू, मंग गप्पा." माझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या गाडीखाली ते असेच शिरले, तेव्हा साहेब आत बसलेले होते. साहेबांनी खाली पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काच वर केली. त्या दिवशी मला धरणी दुभंगावी असं वाटलं.

पण कहर झाला तो शेजारच्या देशमुखांच्या लग्नात. नवरदेवाची गाडी फुलांनी मढवलेली, बँड तयार, करवल्या नटलेल्या, आणि नवरदेव गाडीपाशी येतो तर पुढच्या चाकाजवळ दोन पाय. देशमुखांची आई किंचाळायचीच बाकी राहिली. वरात थांबली, बँडवाला बिचारा वाजवू का नको विचारून राहिला, आणि सर आतून सांगताहेत, "दोन मिनिटं. चाकावरच्या कमानीत चिखल घट्ट बसलाय, दगड अडकलाय. रस्ताभर टणटण वाजंल." लग्नात टणटण वाजणारच की हो, बँड कशाला आणलाय, असं मी म्हणाले. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दगड मात्र निघाला.

हे सगळं दुसऱ्यांच्या गाड्यांचं. त्यांची स्वतःची जुनी पांढरी गाडी म्हणजे प्रयोगशाळाच. चाकांवरच्या कमानींतून पाण्याचा, खडीचा आवाज आत येतो, तो त्यांना बंद करायचा होता. पहिल्यांदा त्यांनी कमानीत गोणपाट चिकटवलं. गोणपाट पाणी प्यायलं, चिखल धरून बसलं, आणि आठ दिवसांत गाडीला असा वास सुटला की गल्लीतली कुत्री तिच्याभोवती गोल बसायला लागली. मग डांबरासारखा काळा लेप मारला. तो पत्र्याबरोबर सरांच्या डोक्यालाही लागला, आणि काकूंनी खोबरेल लावून त्यांचे उरलेसुरले केस सोडवले. मग एका सकाळी माझ्या दारातलं रबरी पायपुसणं गायब.

मी चोराला शिव्या देत होते आणि चोर समोर गाडीखालून "बराबर हाय" म्हणत होता. नंतर वाकून पाहिलं तर माझं 'सुस्वागतम्' डाव्या चाकाच्या कमानीत.  "दुसरं आणून देतो," सर म्हणाले, "पण याच्यावर पाणी आपटलं की कसं मुकं होतं ते बघा." आणि बादलीभर पाणी मारून दाखवलं. खरंच आवाज दबला होता. पण पायपुसणं चारही कमानींना कुठून पुरणार. मग ते जाफराबादकडच्या एका गोठेवाल्याकडून म्हशीखाली अंथरायची जाड रबरी मॅट घेऊन आले. ती कापून, पत्रा घासूनपुसून, कोरडा करून एकेक तुकडा बसवला. पाणी निघायची भोकं तेवढी मोकळी ठेवली, गोणपाटानं शिकवलं होतं. चाकांमागं चिखल अडवायला लांब मडफ्लॅप लावले. म्हशीला जे मऊ वाटतं ते गाडीलाही वाटेल, असं त्यांचं शास्त्र.

"सर, कशासाठी हे सगळं?" मी एकदा वैतागून विचारलं. "गाडी आहे, आवाज करणारच."

ते मॅट कापत होते. कात्री थांबवून त्यांनी घराकडं पाहिलं. काकू आत होत्या.

"ती गाडीत बोलत न्हाई हो," ते म्हणाले. "पह्यले कसं, अंबडहून निघालं की मंठ्याला तिच्या माहेरी पोचेपर्यंत बोलायची. हळू घ्या, बैल आला, त्याला साइड द्या. मला चालवायला फक्त स्टेअरिंग असायचं. मागच्या पावसात असेच गेल्तो. काहीतरी बोलली, मला पाण्याच्या आवाजात ऐकू आलं न्हाई. तेव्हापासून गाडीत बसली की गप. घरात बी कामापुरतंच. रस्त्याचा आवाज काढला की बोलंल ना परत."

 पायपुसण्याचा विषय मी त्या दिवसापासून सोडून दिला.

मग चाचणी. सरांनी मला शेजारच्या सीटवर बसवलं, पाणी साचलेला रस्ता शोधला आणि हुकूम केला, "काही बी बोला. पण काकूच्या आवाजात."  चाकांखाली पाणी फसफसत होतं, मी खिडकीकडं तोंड करून पुटपुटले, "या माणसाचं डोकं फिरलंय."

"बराबर ऐकू आलं," सर म्हणाले. "डोकं फिरलंय."

मी उगाच खिडकीची काच खाली-वर केली. सरांचा चेहरा मात्र पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखा. घरी येईपर्यंत त्यांनी तीनदा सांगितलं की डोकं फिरलंय हे किती स्वच्छ ऐकू आलं.

पुढच्या रविवारी ते मंठ्याला निघाले. माझी बहीण तिथंच दिलेली, म्हणून मीही मागच्या सीटवर. पाऊस रिमझिम होता, रस्त्यावर जागोजागी पाणी. गाडी पाण्यातून जायची आणि आत नुसतं दबकं धप्प व्हायचं. सर दर धप्पनंतर डावीकडं बघत. काकू समोर बघत. असं बराच वेळ चाललं. मी मागं बसून धप्प मोजायला लागले. एवढी मॅट, एवढा लेप, माझं पायपुसणं, आणि बाई बोलेचनात.

मग काकू बोलल्या. अगदी हळू, पण मागं मलाही शब्दन् शब्द कळला.

"आवं, मागल्या पावसात मी इथंच तुम्हाला विचारलं होतं. आवाज परत न्हाई आला तर कंटाळाल का मला."

सरांनी डावीकडं पाहिलं.

"तुम्ही हो हो म्हणलात."

मला वाटलं, दार उघडून चालत्या गाडीतून उतरावं. सरांनी ब्रेक दाबला नाही. इंडिकेटर लावला, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. त्यांचा चेहरा मला आरशात दिसत होता आणि तो बघवत नव्हता.

"मला ऐकूच आलं न्हवतं गं," ते म्हणाले. "काहीतरी म्हणायचं म्हणून हो म्हणलं."

"न्हाई ऐकू आलं तर हो कशाला म्हणायचं?"

 वर्षभर माणूस रस्त्याचा आवाज खरवडत होता, आणि बाईला गप्प केलं होतं ते याच्याच तोंडानं. "जरा खालून बघून येतो, काहीतरी लागलंय," एवढं पुटपुटून ते उतरले. काहीही लागलं नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं, तर त्यांनी चपला काढून कडेला जोडून ठेवल्या आणि पावसात, चिखलात, गाडीखाली शिरले. बाहेर राहिले दोन पाय.

मी म्हणाले, "काकू, मी बघू का?" त्यांनी हातानंच नको सांगितलं. छत्री उघडून त्या उतरल्या, गुडघा धरून वाकल्या आणि आधी छत्री त्या पायांवर धरली. मग खाली तोंड करून काहीतरी विचारलं. तेवढ्यात शेजारून एसटी गेली, सगळं पाणी उडवत, आणि त्या आवाजात मला काकूंचं एक अक्षरही कळलं नाही.

गाडीखालून मात्र उत्तर आलं. "न्हाई. बिलकुल न्हाई."

काकू तशाच वाकून राहिल्या. मग म्हणाल्या असाव्यात की या आता वर, कारण पाय हलले.

चिखलानं माखलेले सर सीटवर बसले आणि आम्ही निघालो. काकू लगेच सुरू झाल्या. हळू घ्या. ती म्हैस बघा. सदरा आता कुणी धुवायचा. माहेरी अशा अवतारात नेऊ का तुम्हाला. मंठा येईपर्यंत त्यांचं तोंड बंद नव्हतं, आणि सर एकेका वाक्याला शिस्तीत उत्तर देत होते. म्हैस बघितली. सदरा मी धुतो. तुझ्या भावाचा सदरा घालतो. एवढ्या रस्त्यात नुसतं 'हो' ते एकदाही म्हणाले नाहीत.