झेंडा दिसला, तर हात दाखव

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. शेंद्र्याच्या माळावर, गाड्यांच्या शर्यतीत, करीममामूंनी दाखवलेला पिवळा झेंडा मी पाहिला होता. चांगला स्वच्छ पाहिला होता. दिसला नाही, असं मी चारचौघांत सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं, त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली.

झेंड्याचं सांगायचं तर आधी तो धरणाऱ्या माणसाचं सांगायला हवं. आणि त्या माणसाचं सांगायचं तर सुरुवात त्याच्या उजव्या पायापासून करावी लागेल.

करीममामूंचा उजवा पाय सतत ब्रेक दाबायचा. समोर ब्रेक असो वा नसो. मामू शहागंजजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. अर्धं औरंगाबाद त्या ब्रेकच्या भरवशावर गाडी शिकलं, आणि मामूंचा पाय मात्र कायमचा बिघडला. रिक्षात मागं बसले, की वळण आलं रे आलं, रिक्षावाल्याच्या सीटला खालून लाथ बसायची.

"क्या हुआ चाचा?"

"कुछ नही. तू चला. तू तेरा काम कर, मैं मेरा करतूँ."

एकदा सिनेमात नायकाची गाडी दरीकडं निघाली आणि मामूंच्या पुढच्या खुर्चीतला गृहस्थ धक्क्यानं अर्धा उठला. तो भांडायलाच वळला. मामू अगदी अदबीनं म्हणाले, "माफ करना साहब, आपको नही, उसको रोक रहा था."

असा माणूस आमच्या क्लबात कसा आला, तर आम्हीच त्यांना नेलं. आम्ही पंधरा-सोळा जण होतो. बहुतेक नोकरदार, दोघं-तिघं दुकानदार. सेकंडहँड छोट्या गाड्या घ्यायच्या, मागची सीट काढायची, सायलेन्सर ढिला करायचा आणि रविवारी शेंद्र्याच्या पुढं कचरूभाऊंच्या पडीक माळावर पळवायच्या. कारखाने तेव्हा तिथवर पोचले नव्हते. मुरुमाची जमीन, चुन्याच्या रेषा, वळणावर आडोसा म्हणून कडब्याच्या पेंढ्या. दोनदा गाड्या उलटल्यावर अध्यक्ष देशमुखसाहेब म्हणाले, कुणीतरी जाणतं माणूस पाहिजे. आमच्यातल्या निम्म्यांना गाडी मामूंनीच शिकवली होती. ते लगेच हो म्हणाले. त्यांना बोलावणारं दुसरं कुणी नव्हतं, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. मामी जाऊन वर्ष झालं होतं. एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादला.

पहिल्याच रविवारी मामूंनी आमची बिनपाण्यानं केली. गाड्या सुरू करायच्या आधी सगळ्यांनी त्यांच्याबरोबर अख्खा ट्रॅक पायी फिरायचा. वाकून खिळे, काचा, दगड उचलायचे आणि पिशवीत टाकायचे. इंजिनीअर, दुकानदार, एक वकील, सगळे वाकलेले. कचरूभाऊ बांधावरनं बघत होते. ते म्हणाले, "मामू, ह्यास्नी दर रविवारी आणा. वावर लई साफ झालं बघा."

मग हेल्मेट. विलासनं आपल्या हेल्मेटचा तुटलेला पट्टा काढून तिथं पायजम्याची नाडी बांधली होती. क्रांती चौकात स्पेअर पार्टचं दुकान असलेल्या माणसानं! मामूंनी ती नाडी दोन बोटांत धरली.

"दूल्हे, ये नाडा पायजमेकू बांध. इज्जत तो बचेगी. डोक्याला बांधून काय वाचणार?"

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते दूल्हे म्हणायचे. सजून बसलेला, चेहरा झाकलेला, आणि पुढं काय होणार याचा पत्ता नसलेला, म्हणून. पट्टा ओढून बघायचे, खिडकीतून आत डोकं घालायचे आणि प्रत्येकाला तोच प्रश्न: "जल्दी किसकू है? तेरेकू, या अल्लामियाँकू?" उत्तर दिल्याशिवाय हिरवा झेंडा मिळत नसे. उत्तर "कुणालाच नाही मामू" असं होतं. वकीलसाहेबांनी एकदा "मलाच" म्हणून पाहिलं, तर त्यांना रांगेत शेवटी पाठवलं.

शिवीलाही शिक्षा होती. गाडी घासली तर माफ. शिवी दिली तर ज्याला दिली त्याला स्वतःच्या हातानं चहा नेऊन द्यायचा आणि तो संपेपर्यंत शेजारी बसायचं. विलास आणि मी एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. त्या एका मोसमात आम्ही एकमेकांना इतका चहा पाजला, की नाइलाजानं आमची दोस्ती झाली.

शेळ्या यायच्या, वळणावरचा कडबा खाऊन टाकायच्या. मामू लाल झेंडा घेऊन त्यांच्यामागं धावायचे, आणि शेळ्या हटेपर्यंत शर्यत थांबलेली. पाहुणा कुणी विचारायचा, "आज कोण जिंकलं मामू?" मामू म्हणायचे, "सब घर गए." आम्हाला वाटायचं, त्यांना शर्यतीतलं काही कळत नाही.

आणि मग तो हाताचा नियम. मामूंनी सांगितलं, वळणापलीकडं काही भानगड असेल तर मी पिवळा झेंडा दाखवणार. तुम्ही वेग सोडायचा. आणि झेंडा दिसला, की खिडकीतून हात बाहेर काढून दाखवायचा.

"ते कशाला?" विलास म्हणाला. "शाळेतली हजेरी आहे का?"

"मैं दिखाया, ये मेरेकू मालूम. तू देखा, ये मेरेकू कैसे मालूम होना?"

सगळे हसले. हात कुणी दाखवला नाही. मी दाखवायचो, पहिल्यांदा टिंगल म्हणून, मंत्र्यासारखा हलवून. मामूंना टिंगल कळली नाही, किंवा कळूनही त्यांनी ती पदरात घेतली. ते लांबून मान डोलवायचे. होता होता माझी ती सवय झाली. पिवळं दिसलं की हात आपोआप बाहेर.

हिवाळ्यातली शेवटची शर्यत होती. एकेक गाडी थोड्या-थोड्या वेळानं सोडायची, ज्याची वेळ सगळ्यात कमी तो जिंकला. विलास माझ्या पुढं सुटला होता. मी सुटलो आणि पहिल्याच फेरीत मला कळलं, की आजच्यासारखी गाडी आपल्या हातून कधी पळाली नाही. शेवटच्या फेरीत, मातीच्या उंचवट्यामागच्या वळणाअगोदर, मामू पळत पुढं आले. हातात पिवळा झेंडा. धूळ होती, पण इतकी नव्हती. मला झेंडा दिसला, झेंड्यामागचं मामूंचं तोंडही दिसलं. माझा हात बाहेर गेला. ॲक्सिलरेटरवरचा पाय मात्र उचलला गेला नाही. खरं लिहायचं तर मी उचलला नाही. मनात एकच होतं, की असेल एखादी शेळी, ही वेळ पुन्हा यायची नाही.

वळणापलीकडं विलासची गाडी आडवी बंद पडली होती आणि तो खाली उतरून ती ढकलत होता. मी ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता. माझी गाडी त्याच्या गाडीला लागली आणि त्याचा डावा पाय मध्ये सापडला. दोन ऑपरेशनं झाली. पाय राहिला, पण विलास आजही लंगडत चालतो.

त्याच आठवड्यात क्रांती चौकात देशमुखसाहेबांच्या ऑफिसात बैठक झाली. क्लबाची पद्धत अशी होती, की भांडण काहीही असो, निकाल गाडी चालवणाऱ्यांनीच लावायचा. झेंडेवाल्यांना मत नव्हतं. त्यांनी विचारलं तेवढं सांगायचं आणि बाहेर थांबायचं. मला विचारलं. मी म्हणालो, "धूळ होती. झेंडा दिसला नाही." हे वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो.

मग मामूंना आत बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बसा म्हटल्यावरही उभेच राहिले.

"झेंडा दाखवला होता का?"

"हौ."

"यानं पाहिला?"

मामूंनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या काचेकडं पाहिलं.

कोपऱ्यातून वकीलसाहेबांनी विचारलं, "मामू, तुमचा तो हाताचा नियम आहे ना? यानं हात दाखवला होता का?"

मी मनात मोजायला लागलो, नोकरी जाईल का, पोलीस येतील का, विलासच्या बायकोला तोंड कसं दाखवू.

"धूल थी, साहब," मामू म्हणाले. "मेरेकू कुछ नही दिखा. और आगे आके खडा होना था मैं. मेरी गलती."

निकाल लागायला वेळ लागला नाही. देशमुखसाहेब मामूंच्या खांद्यावर हात ठेवून गोड बोलले, "आता वय झालं मामू, आराम करा." मामूंनी तिन्ही झेंडे पिशवीतून काढले, घडी नीट करून टेबलावर ठेवले. जाताना दारातून वळून म्हणाले, "लाल वाला थोडा फटा है. सिलवा लेना."

गोष्ट शहरात फिरली. त्या मास्तरच्या चुकीनं एकाचा पाय गेला म्हणे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मुलींचे बाप विचारायला लागले, दुसरा कुणी शिकवणारा आहे का? वर्षभरात मालकानं त्यांना घरी बसवलं.

मी शर्यती सोडल्या नाहीत. लगेच सोडल्या असत्या तर लोकांना संशय आला असता, असा माझा हिशोब. पुढच्या मोसमात एका रविवारी, गाडीत काम होतं म्हणून, मी सगळ्यांच्या आधी दोन तास माळावर पोचलो. ट्रॅकवर कुणीतरी वाकून चाललेलं दिसलं. मामू होते. हातात पिशवी. खिळे वेचत होते.

मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे गडबडले. "वो... बस खाली थी, तो आ गया," म्हणाले. पहिल्या बसनं यायचे, ट्रॅक फिरायचे, वळणावरच्या पेंढ्या सरळ करायचे आणि आम्ही यायच्या आत परत जायचे. कधीपासून, तर बैठकीनंतरच्या पहिल्या शर्यतीपासून. कचरूभाऊंना ठाऊक होतं. मामूंनी त्यांना शपथ घातली होती. ट्रॅक इतका साफ कसा राहतो, हा प्रश्न आमच्या सोळा जणांपैकी एकालाही पडला नव्हता.

मी विचारलं. धीर करून, एकदाच विचारलं. "मामू, तुम्ही सांगितलं का नाही?"

ते मुरुमातला एक खिळा नखानं उकरत होते.

"सोलह आदमी थे. हात फक्त तू दाखवत होतास. जो हात दिखाता, उसीकू पकडा देता तो कल कौन दिखाता?" खिळा निघाला. तो पिशवीत टाकून ते म्हणाले, "मेरेकू लगा, तू बोलेगा. आज नही तो कल. इस वास्ते रुका."

मग घड्याळाकडं पाहून घाईनं निघाले. सकाळची परतीची बस चुकली असती, तर आमच्यातल्या कुणाच्या तरी नजरेस पडले असते. सडकेपर्यंतचं ते मोकळं रान मी त्यांना एकट्याला चालून जाताना पाहिलं. त्या दिवशी मी शर्यतीत उतरलो नाही, पुढंही कधी उतरलो नाही. पण बोललोही नाही.

माळावर आता कारखाने आहेत. क्लब केव्हाच मोडला. मामू ऐंशीच्या पुढं गेले. शहागंजमागच्या गल्लीत जिन्यावरच्या खोलीत एकटे राहतात. मुलगी हैदराबादला बोलावते, ते जात नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलचा एक जुना माणूस सांगत होता, की का जात नाही विचारलं तर म्हणतात, एक जण येणार आहे भेटायला. कोण, ते सांगत नाहीत.

विलास आणि मी अजून दोस्त आहोत. आठवड्यातून एकदा त्याच्या दुकानात बसतो. गारठ्यात पाय दुखायला लागला, की तो पाय चोळत म्हणतो, "त्या म्हाताऱ्यानं झेंडा नीट धरला असता ना, तर." मी मान हलवतो. चहा पितो.

हे छापून आलं म्हणजे मी मोकळा झालो, असं नाही. विलास गिऱ्हाईक आणि जीएसटी सोडून काही वाचत नाही, आणि मामूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मला विलासच्या समोर बसून सांगायचं आहे, की झेंडा होता, मी पाहिला होता, आणि तुझा पाय माझ्यामुळे अधू झाला. मग त्याला बरोबर घेऊन तो जिना चढायचा आहे. एवढं माझं देणं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.