हाराची जागा

टेकचंदभाऊ समोर आले की माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत. डोक्याच्या वर चार बोटं पाहतात. तुम्ही रामराम करा, तब्येत विचारा, त्यांची नजर तुमच्या टाळूच्या वर, जिथे काहीच नसतं तिथे. नवख्या माणसाला वाटतं मागच्या भिंतीवर पाल आहे. तो वळून पाहतो. आमच्या गावचा माणूस वळत नाही. तो घरात जातो आणि आतून कडी लावतो.

कारण ती चार बोटं कशाची, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊ फोटो काढताना डोक्यावर जी रिकामी जागा सोडतात, ती हाराची. पुढेमागे फोटो भिंतीवर गेला, त्याला हार चढला, तर तो डोळ्यांवर येऊ नये म्हणून. "हार कपाळाच्या वर ऱ्हायला पायजे," ते सांगतात. "माणसाले आपलं घर दिसलं पायजे." हे ते जिवंत माणसाला, त्याच्या तोंडावर, चहा पिता पिता सांगतात.

टेकचंदभाऊ माझे साडभाऊ. माझ्या बायकोची थोरली बहीण पुष्पाताई, तिचे यजमान. पुष्पाताईला जाऊन चार वर्षं झाली. भाऊ गोंदिया-कोहमारा मार्गावर एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी जुना डिजिटल कॅमेरा घेतला आणि कोणाकडे न शिकता स्वतःचं शास्त्र तयार केलं. त्यात उजेड संध्याकाळचाच चालतो, त्यातही उत्तम तलावाच्या पाळीवरचा. ग्रुप फोटो काढताना ते अजूनही "मागं सरका, मागं जागा आहे" असं ओरडतात. एकदा मागे सरकता सरकता अर्धं वऱ्हाड पाळीवरून खाली उतरलं होतं.

शास्त्राचा मुख्य नियम, माणूस सांध्यावर कापायचा नाही. फोटोची कड गुडघ्यावर आली तर माणूस लंगडा दिसतो, मनगटावर आली तर थोटा. हा नियम ते एकदा भरल्या बसमध्ये कोणाला तरी फोनवर समजावून सांगत होते. "गुडघ्यावर नोको कापू, मांडीवर काप, साफ काप." दोन प्रवासी आपल्या गावाच्या आधीच उतरून गेले.

मला त्यांनी कापलं सात वर्षांपूर्वी. कोहमाऱ्याच्या चौकात माझं जुन्या ट्रॅक्टरांचं दुकान आहे. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून मी तिथवर आलो. कोणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. उद्घाटनाला एक पुढारी बोलावला होता आणि फोटोला भाऊ. फोटो तयार झाला तेव्हा त्यात पुढारी होता, झेंडूचं तोरण होतं, फीत होती, आणि डावीकडून आलेला एक हात होता, कात्री धरलेला. तो हात माझा. बाकीचा मी नव्हतो. मी विचारलं तर म्हणाले, तू मध्ये उभा राह्यला तं फ्रेम बिघडून राह्यली होती. आणि वर, "पण मनगटावर नाही कापलो. तुझा मान ठेवलो." तो फोटो मी दुकानात लावला नाही. घेणाऱ्याशी घासाघीस करताना माझा आवाज चढतो, लोकांना वाटतं किमतीवरून. अर्ध्या वेळा मला तो हात आठवलेला असतो.

पण राग वेगळा आणि भीती वेगळी. गावाला त्यांची भीती वाटायची, कारण त्यांनी फोटो काढलेली म्हातारी माणसं फार दिवस टिकत नसत. मी हिशेबी माणूस आहे. मला कारण कळत होतं. घरातलं माणूस थकलं, खाटेवर पडलं, की पोरांना आठवण व्हायची, बापाचा धड एक फोटो नाही. मग बोलवा टेकचंदला. म्हणजे भाऊ आले म्हणून माणूस जात नव्हता, जाणार म्हणून भाऊ येत होते. हे मी चौकात बसून चार जणांना समजावलंही. कौतिकाबाई नावाची एक म्हातारी आहे. तिच्या नातवाने हट्टाने भाऊंना आणलं, तर ती डोक्यावर सूप धरून बसली. "आता कुठी लावशीन हार?" तिने विचारलं. भाऊंनी तसाच फोटो काढला. म्हातारी अजून धान निवडते. मीच तो किस्सा सांगून लोकांना हसवत असे.

मग मागच्या हिवाळ्यात एका ट्रॉलीचा सौदा करता करता माझ्या छातीत कळ आली. गोंदियाच्या डॉक्टरने नागपूरला धाडलं, नागपूरच्या डॉक्टरने छाती उघडावी लागेल म्हणून सांगितलं. दोन आठवड्यांनंतरचा मंगळवार दिला. मी शनिवार मागितला. काही कारण नव्हतं, सवयीने मागितला. डॉक्टर म्हणाला, मंगळवार. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा पहिलाच आकडा मान्य केला.

त्या दिवसांत मी घराच्या ओट्यावर बसून राहत असे. भीती अशी की भाकरीचा घास गिळतानाही वाटायचं, हा आवाज छातीतून आला की घशातून. एका संध्याकाळी असाच बसलो होतो. कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला. वळून पाहिलं तर फाटकाशी टेकचंदभाऊ.

"वा," ते म्हणाले. "इतक्या वर्सात तुझ्या तोंडावर असा भाव कधी आला नोता."

त्यांनी जवळ येऊन कॅमेऱ्याच्या काचेत फोटो दाखवला. मी पाहिला. एका गालावर उतरता उजेड, दुसरा अंधारात, डोळे कुठेतरी लांब. फोटो चांगला होता, हे मला मान्य करावं लागतं. आणि डोक्याच्या वर चार बोटं मोकळी जागा, स्वच्छ, सारवल्यासारखी. मला तिथे शेवंतीचा हार दिसला. खरंच दिसला.

मी म्हटलं, मिटवा. ते म्हणाले, अशी फ्रेम जिंदगीत एकदाच येते. मी आवाज चढवला, मग छातीच्या भीतीने उतरवला. मग सौद्यावर आलो.

"चार नाही, एक बोट ठेवा. बाकीचं वरून कापा."

"कापाचं तं खालून काप. वरून नाही."

"दोन बोटं. माझं नाही, तुमचं नाही."

"डोकशावर जागा नसली तं माणूस खोक्यात कोंबल्यावानी दिसते, सुरेश."

"दिसू द्या कोंबलेला. जिता तर दिसेल."

ते नुसते माझ्या डोक्याच्या वर पाहत राहिले. मी कॅमेराच विकत मागितला, ते हसले. सौदा मोडला. माझ्या बायकोने, रेखाने, दुसऱ्या दिवशी जाऊन विनवणी केली. परत आली ती पदराने डोळे पुसतच. भाऊ तिला म्हणाले होते, "राहू दे ना, चांगला आला आहे. कामात येईन."

कामात येईन. हे शब्द घरात शिरले आणि बाहेर जाईनात. रेखा देवापाशी बसली की मला ऐकू यायचे, मी आंघोळीला बसलो की ऐकू यायचे. माझं सगळं शहाणपण, ते चौकातलं कारण, कुठे गेलं कळलं नाही. उलट तेच कारण आता माझ्या मानेवर बसलं. जाणार म्हणून भाऊ येतात, हे मीच लोकांना सांगत होतो. आणि भाऊ आले होते.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात लागली. शेजारपाजारचे जमले. कोणी नारळ दिला, कोणी डोक्यावरून हात फिरवला. मी गाडीत बसलो आणि समोरून टेकचंदभाऊ येताना दिसले, गळ्यात कॅमेरा. हा जातानाचा फोटो, मला वाटलं. मी काच वर करायला सांगितली. भाऊंनी काच वर जायच्या आत दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. रेखाला म्हणाले, बाई, दोन मिनिटं बाहेर थांब.

त्यांनी कॅमेरा चालू केला. माझा तो ओट्यावरचा फोटो समोर आणला. आणि मिटवायच्या बटणावर बोट ठेवलं.

"पुष्पाचा मी काढलो होतो," ते म्हणाले. "तिले काहीच झालं नोतं. धडधाकट होती. पाळीवर उभी केलो, हसून राह्यली होती. सबन नियम बरोबर बसले. विसाव्या दिवशी गेली."

मला ती तापाने गेली एवढंच माहीत होतं.

"डॉक्टर ताप म्हणते. लोक माह्यं नाव घेते. मी हासतो. पण मी मोजून पाह्यलो आहे, सुरेश. एकेकाचं नाव घेऊन मोजलो."

त्यांना मी माझं चौकातलं कारण सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण पुष्पाताईला ते लागू पडत नव्हतं.

मी एवढंच विचारलं, मग मिटवला कायले नाही इतके दिवस. ते म्हणाले, तू वापस नाही आला तं माह्यापाशी काय राह्यलं असतं. आणि मग, मी काही म्हणायच्या आत, त्यांनी बटण दाबलं. एकदा, आणि कॅमेऱ्याने पुन्हा विचारलं म्हणून दुसऱ्यांदा. कॅमेऱ्याची काच काळी झाली. "पाह्य," ते म्हणाले, "नाही आहे." दार हळू लावून ते निघून गेले, कोणाशी न बोलता.

ऑपरेशन झालं. छातीवर शिवण घेऊन मी घरी आलो. डॉक्टर म्हणतात, त्यांच्या हाताचा गुण. रेखा म्हणते, देवाचा. मी वाद घालत नाही.

मी आल्यापासून टेकचंदभाऊ रोज सकाळी येतात. कॅमेरा आणत नाहीत. समोरच्या खुर्चीवर बसतात, चहा घेतात, दहाएक मिनिटं माझ्या तोंडाकडे पाहतात आणि उठून जातात. पंधरा दिवस हे झालं. माझा स्वभाव काही छातीबरोबर दुरुस्त झाला नाही. एक दिवस मी चिडून विचारलं, "भाऊ, रोज कायले येऊन राह्यले? मेलो का पाहाले?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुझा फोटो नाही ना माह्यापाशी," ते म्हणाले. "म्हणून यावं लागते."

मी माझी खुर्ची थोडी उजेडाकडे सरकवली आणि बसून राहिलो.