दहाव्याला आलेले मेंबर

ऊन चढलं तरी कावळा पिंडाला शिवेना. ठाकुर्लीच्या खाडीकाठी तुळसाच्या दहाव्याला जमलेली माणसं आधी हळहळली, मग घाम पुसू लागली. गुणाजी तेवढा पिंडाच्या पानासमोरून हलला नव्हता. बायकोचा जीव कशात अडकलाय ते कळल्याशिवाय त्याला घरी जायचं नव्हतं. तिच्यावाचून ते घर घरासारखं राहिलंही नव्हतं.

लेक रतन पुढं आली. हात जोडून म्हणाली, "आये, बाबांना मी बघीन. काळजी करू नको." कावळे झाडावर पिसं साफ करत बसले.

मग तुळसाचा भाऊ आनंदा आला. "बाय, तुझी शेळी मी नेत नाय. रतनकडंच ऱ्हाऊ दे."

आनंदानं शेळी न्यायचं ठरवलं होतं, हे गुणाजीला तेव्हा कळलं. पण कावळ्याला शेळीशीही देणंघेणं नव्हतं.

"विहिरीचं बोला," म्हातारा धाकू म्हणाला. "बिचारी जन्मभर पाणी वाहत ऱ्हायली."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. मागं सावलीत लोकल बोर्डाचे मेंबर गुरुदत्तराव उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, हातात रुमाल. गावची विहीर ढासळली तेव्हापासून बायका पार बांधापलीकडच्या विहिरीवर जात होत्या. नवी विहीर द्यायचं काम मेंबरांकडं होतं. ते गावात कुणाच्या लग्नाला येवोत, बारशाला येवोत की मयताला येवोत, बोर्डात ती फेरी 'विहिरीची पाहणी' म्हणून लागायची आणि मैलामागं भत्ता निघायचा. बोर्डाच्या शिपायानंच ही गोष्ट कल्याणच्या बाजारात सांगितली होती. गावात ती सगळ्यांना ठाऊक होती, पण सुखदुःखाला दारात आलेल्या माणसाला तोंडावर बोलायचं कसं, म्हणून सगळे गप्प होते.

आज मात्र कावळ्यानंच अडवून धरलं होतं.

"मेंबरसाहेब, पुढं या," राघो म्हणाला. "आमचा शब्द तिला चालत नाय. तुमचा चालतो का बघू."

"अहो, मी नुसता भेटायला आलोय. दुःखाचा प्रसंग..."

"नुसता भेटायला? म्हंजे आजची फेरी भत्त्यात लागणार नाय?"

मेंबर बांधाजवळ उभ्या आपल्या टांग्याकडं बघू लागले. टांगेवाला दुसरीकडं बघू लागला.

"शेतसाऱ्याबरोबर बोर्डाचा लोकल फंड भरतो आमी," धाकू म्हणाला. "तो काय यांना टांग्यातून फिरवायला?"

"गोरा साहेब खात होता तो परका होता," राघो म्हणाला. "यांना तर आपण मतं दिली."

"खातात, पण मयताला येतात तरी," आनंदा म्हणाला. "दुसरा खाईल आन् येणारबी नाय."

"तू गप रे! त्यांच्याच टांग्यातून फुकट कल्याणला जातोस तू," राघो त्याच्यावर उखडला.

शेवटी मेंबरांना धरून पानासमोर उभं केलं. त्यांनी घसा साफ केला. "तुळसाबाई, विहिरीचा प्रश्न बोर्डाच्या विचाराधीन आहे."

कावळ्यानं तोंड फिरवलं.

"सरळ बोला! ती काय बोर्डाच्या मीटिंगला बसलीय?"

"विहीर बांधून देतो," मेंबर घाईघाईनं म्हणाले.

एक कावळा खालच्या फांदीवर आला. गर्दीत कुजबुज झाली. "भत्त्याचं बोला!"

"गेल्या महिन्याचा भत्ता परत करतो."

कावळा जमिनीवर उतरला.

"आन् वर्षाचा?"

"वर्षाचा पण."

कावळा दोन उड्या मारून पुढं आला. मेंबरांचं अंग घामानं भिजलं. ते कावळ्याकडं बघत होते आणि कावळा त्यांच्याकडं. "निवडून आल्यापासूनचा," राघो ओरडला. त्या ओरडण्यानं कावळा भुर्रकन उडाला.

"बघा! निवडून आल्यापासूनचं बोलले नायत, म्हणून गेला!"

"अरे, तू ओरडलास म्हणून गेला!"

झालं. कावळा राघोमुळं उडाला की मेंबरांमुळं, यावर भांडण जुंपलं. मेंबर हळूच टांग्याकडं सरकले, तशी सगळी गर्दी त्यांच्यामागं बांधावर चढली. रतनही मामाला आवरायला धावली.

पानासमोर गुणाजी एकटा राहिला. इतका वेळ त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तो उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलू लागला.

"तुळसा, या लोकांना तुझ्या नावावर विहीर पायजे. तुला नको होती, मला म्हाईत हाय. बांधापलीकडं गंगुबाईशी बोलत बसायला मिळायचं तुला. मी कळशी घ्यायला यायचो, मग येताना आपलंबी बोलणं व्हायचं. घरात कुठं बोलत होतो आपण? विहीर झाली तरी मी पाणी तिथूनच आणीन. जा आता तू."

तो उठून बाजूला झाला. कावळा उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली.

"शिवला!" बांधावरून आरोळी आली. "मेंबरांच्या शब्दाला शिवला!" लोकांनी मेंबरांच्या पाठीवर थापा मारल्या. आनंदानं तर त्यांना मिठी मारली. गुणाजीनं डोळे पुसले.

मेंबरांनी भत्ता परत केला की नाही ते बोर्डाला ठाऊक. पण मेलेल्या बाईला दिलेला शब्द मोडायची त्यांची छाती झाली नाही. पुढच्या पावसाआधी विहीर झाली, तीही तुळसाची इच्छा म्हणून थेट गुणाजीच्या दारात. बायका त्याच्या ओट्यावर कळशा टेकवू लागल्या. गुणाजी मात्र रोज सकाळी दोन कळशा घेऊन बांधापलीकडं जाऊ लागला.

ही बातमी मेंबरांच्या कानावर गेली, तशी त्यांची झोप उडाली. एका सकाळी ते स्टेशनापासून चालत आले. टांगा नव्हता. गुणाजी कळशा घेऊन निघतच होता.

"गुणाजी, पाणी गोड नाही का?"

"गोड हाय की."

"मग... तिचं काही राहिलं का?"

"नाय, मेंबरसाहेब. तुमी तुमचा शब्द पाळलात. मी माझा पाळतोय."

मेंबरांना यातलं काही कळलं नाही. पण विषाची परीक्षा नको म्हणून त्यांनी गुणाजीच्या हातातली एक कळशी घेतली आणि ते त्याच्या मागोमाग बांधावरून चालू लागले.