आधी सांग, मग थांब

आमच्या ऑफिसात पंखा बंद करायचा असला की शिवाण्णांना परवानगी लागते. ती घ्या असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बटणावर बोट ठेवून ते म्हणतात, "पंखा बंद करतोय हां," आणि थांबतात. कुणीतरी "करा" म्हणेपर्यंत थांबतात. एकदा आम्ही सगळे कानात हेडफोन घालून बसलो होतो, त्यामुळे कुणी काही बोललंच नाही. बऱ्याच वेळाने मी पाणी प्यायला उठले, तर अण्णा बटणापाशी तसेच उभे. किती वेळ उभे आहात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुमी बोलला न्हाई की."

डबा उघडताना "शेंगाचटणी काढतोय", माझ्या स्कूटरवर मागे बसताना "बसतोय हां". आणि आपण "बसा" म्हटल्याशिवाय हा माणूस बसत नाही. सिग्नल हिरवा असला तरी नाही.

जुळे सोलापुरात एका फ्लॅटमध्ये आमचं सॉफ्टवेअरचं छोटंसं ऑफिस आहे. अण्णा सोडून बाकी सगळे कोडवाले. अण्णांना कोडमधलं ओ की ठो कळत नाही, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. मूळ गाव वळसंग, घरात कानडी, बाहेर मराठी. आयुष्य एका छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफं वाचण्यात गेलं. छापखाना बंद पडला तेव्हा आमच्या सरांनी त्यांना अ‍ॅपमधलं मराठी तपासायला आणलं. मग ऑफिसात कोड लिहून देणारा एआय सहायक आला आणि सरांनी नियम केला, की त्यानं कशालाही हात लावण्याआधी काय करणार ते साध्या मराठीत, पायरी-पायरीनं लिहून द्यायचं. ते एका माणसानं वाचायचं, मंजूर करायचं, मगच काम सुरू. शेवटी कोड आम्ही तपासायचा. पण तो प्लॅन शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याइतका धीर ऑफिसात एकाच माणसाकडे होता.

अण्णा प्लॅन कागदावर छापून घेतात. ओळीखाली स्टीलची पट्टी धरतात, हातात लाल पेन. त्या सहायकाला ते 'तम्मा' म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तम्माला त्यांचा एकच उपदेश: "आदी सांग, मग थांब, मग कर." यातलं मधलं 'थांब' सगळ्यात महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. सांगणारे आणि करणारे जगात लई हायत, थांबणारं कोण न्हाय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तम्मा गोड बोलतो. काही सुचवलं की आधी "तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे" असं लिहितो. अण्णांनी त्याखाली लाल रेघ ओढून लिहिलं, "कुठला मुद्दा? नाव सांग." पुढच्या वेळी त्यानं माफी मागितली, तर अण्णांनी तीही खोडली. म्हणाले, पत्रिकेत जागा मोजकी असती.

एका शनिवारी तम्मानं "पुढे जाऊ का?" असं विचारलं आणि अण्णा ते न बघताच घरी गेले. सोमवारी स्क्रीनवर तो प्रश्न तसाच. अण्णांनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढून त्यांनी एका बोटानं टाइप केलं, "दोन दिवस ताटकळत ठेवलं तुला, चुकलं माझं." मी हसून हसून लोळायची बाकी होते. त्याला दोन दिवस आणि दोन सेकंद सारखेच, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला असंल. मला न्हाय."

आता एक गोष्ट कबूल करते. अण्णांच्या या पट्टी-पेनाचा मला वैताग यायचा. तम्मा ज्या कामाला पाच मिनिटं घ्यायचा, त्याचा प्लॅन अण्णांच्या टेबलावर अर्धा दिवस पडायचा. म्हणून मीच सरांना सुचवलं, की आता प्लॅन वाचायची पायरी काढून टाकू, नाहीतरी शेवटी कोड आपण बघतोच. अण्णांना काढा असं मी म्हटलं नव्हतं. पण पायरी काढली की त्या पायरीवरचा माणूस निघतो, हे मला कळत नव्हतं असंही नाही. सरांनी मान्य केलं. महिनाअखेरपर्यंतच अण्णांचं काम, असं त्यांना सांगून झालं. अण्णा "बरं" म्हणाले आणि टेबलावरचा कागद वाचू लागले.

तो कागद पाण्याच्या अ‍ॅपचा होता. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. आमच्या अ‍ॅपमध्ये चावीवाला, म्हणजे रस्त्यावरचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस, एक बटण दाबतो आणि त्या भागातल्या सगळ्या फोनवर 'पाणी सोडलं' असा मेसेज जातो. घरं वाढली तसे मेसेज उशिरा जायला लागले होते. ते वेगात जावेत म्हणून तम्मानं नऊ पायऱ्यांचा प्लॅन दिला. मी तो वाचला आणि बरोबर आहे म्हटलं. अण्णांनी सातव्या पायरीभोवती लाल गोल काढला.

सातवी पायरी अशी होती: ज्यांनी सहा महिन्यांत एकही मेसेज उघडलेला नाही, ते नंबर यादीतून काढणे.

अण्णांनी विचारलं, "ही मानसं कोन?"

मी म्हटलं, "अण्णा, माणसं नाहीत. मेलेले नंबर आहेत."

"मेलेत कशावरनं? मेसेज उगडत न्हाई म्हनून मानूस मेला व्हय?" पुढे म्हणाले, इथं बसून ते कळायचं नाही, तेव्हा बघून येतो. मग माझ्याकडे बघून थांबले. म्हणजे मी "चला" म्हणेन याची ते वाट बघत होते. एवीतेवी चार दिवस उरलेत या माणसाचे, जाऊ दे, असं मनात म्हणून मी स्कूटरची किल्ली घेतली.

जवळपासचे तीनच पत्ते घेतले. पहिल्या घराला कुलूप होतं, मंडळी पुण्याला गेलेली. मी विजयी चेहऱ्यानं अण्णांकडे बघितलं. त्यांनी कागदावर शांतपणे बरोबरची खूण केली. दुसऱ्या घरात एक रिटायर्ड मास्तर होते. मेसेज उघडता का म्हटल्यावर ते म्हणाले, उघडायचा कशाला? त्यांच्या नातीनं त्या मेसेजला वेगळा आवाज लावून दिलाय, आवाज झाला की ते मोटर लावायला उठतात. मेसेजमध्ये त्याहून जास्त काय लिहिलेलं असणार? आम्ही सगळ्यांनी मिळून ज्याला मेलेला नंबर ठरवला होता, तो माणूस आमचं अ‍ॅप आमच्यापेक्षा नीट वापरत होता.

तिसऱ्या घरासमोर अण्णा उतरले. दार लोटून उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मी आलोय. संगट ऑफिसातल्या म्याडम हायत. आत येऊ का?" आणि थांबले.

आतून बाईचा आवाज आला, "या."

ते अण्णांचंच घर होतं. पलंगावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, गौरक्का. साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेत. इतकी वर्षं शेजारी बसून जेवणाऱ्या मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, "पानी देतोय, उजव्या हाताला." अक्का "हं" म्हणाल्या. मग अण्णांनी तांब्या दिला. "खिडकी उगडतोय." "नगं, ऊन येतंय." खिडकी नामंजूर झाली. अण्णांचा प्लॅन कुणीतरी खोडतंय हे मी पहिल्यांदा बघत होते.

अक्काच मला सांगत होत्या. डोळे गेले तेव्हा हे घाबरून गेले. न सांगता हात धरायचे, ओढायचे, तोंडाशी घास आणायचे. प्रेमानंच, पण अंधारातनं अचानक हात आला की जीव दचकतो. "मग मीच ह्यास्नी म्हनलं, आदी सांगत जावा. मग थांबा. मी व्हय म्हनंन, मग हात लावा."

अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

त्या भागाला त्या दुपारी पाण्याची पाळी होती. कोनाड्यातल्या फोनवर घंटी वाजली. अक्का उठल्या. अण्णा हलले नाहीत. भिंतीला हात लावत त्या मोरीपर्यंत गेल्या, नळ सोडला, हंडा लावला, आवाजावरून भरत आलेला ओळखला आणि बाजूला घेतला. मग दुसरा लावला. "पान्याचं काम माजं हाय," त्या तिथूनच म्हणाल्या, "ह्यात ह्येंचं काय चालत न्हाई." त्यांच्या आवाजात असा रुबाब होता की काय सांगू.

सातवी पायरी तशीच गेली असती तर हा फोन मुका झाला असता.

मी हळूच अण्णांना म्हटलं, "हे ऑफिसातच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी माज्यासाठी खोडलं असतं," ते म्हणाले. "यादीत मानसं लई हायत, म्याडम."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, की सातवी पायरी मी पास केली होती. हेही सांगितलं, की कोड तपासताना ती मला सापडली नसती, कारण कोड बिनचूकच निघाला असता. चूक कोडात नव्हती, ठरवण्यात होती. सरांनी लाल गोलातली ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, प्लॅन वाचायची पायरी राहू दे. अण्णा "बरं" म्हणाले, अगदी मागच्यासारखंच. तम्मानं सातवी पायरी नव्यानं लिहून दिली: नंबर बंद असल्याची खात्री घरी विचारून होईपर्यंत काहीही काढायचं नाही. सुरुवातीला त्यानं अण्णांचं कौतुक केलं होतं, ते अण्णांनी खोडलं. आता अण्णांच्या सहीखाली माझीही सही असते, आणि मी पट्टी धरून वाचते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी निघाले तेव्हा गौरक्का दारापर्यंत आल्या आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी हात पुढे केला. मी सवयीनं तो पटकन धरायला गेले आणि मध्येच थांबले.

"अक्का, हात धरते हां," मी म्हटलं आणि थांबून राहिले. मागे अण्णाही थांबले.

"धर की, पोरी," अक्का म्हणाल्या.