पुंजारामचं घसरलेलं बोट

देवळाली प्रवराच्या भजनी मंडळात पुंजाराम एकवीस वर्षं पेटी वाजवत होता. एवढ्या वर्षांत त्याचा एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता. त्यामुळे त्या गुरुवारी अभंग ऐन रंगात आला असताना पेटीतून 'टुडुंग-डुंग' असं काहीतरी कंबर हलवत बाहेर पडलं, तेव्हा मच्छिंद्रबुवांच्या हातातले टाळ जागीच थबकले.

"पुंजा, काय रं हे?"

"बोट घसरलं, बुवा."

पुढच्या कडव्याला बोट पुन्हा घसरलं, तेही नेमकं त्याच जागी. आता बुवांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. रविवारी बेलापूरला भजनस्पर्धा होती. बेलापूरकरांनी पुंजाला फोडला तर नसेल?

सकाळीच ते त्याच्या घरी गेले. पुंजाराम नव्हता. त्याची बायको चांगुणा हातातलं सूप आपटत म्हणाली, "मलाच इचारता व्हय? रोज दुपारी बेलापूरला पळतंय ते मानूस. कुठं म्हनलं, तर 'काम हाय'. जेवताना ताटाच्या काठावर बोटं नाचवतंय. परवा तर झोपेत हसत हुतं. बुवा, ह्यात बाई हाय!"

"बाई न्हाई, चांगुणा. बेलापूरचं मंडळ हाय."

"मंडळासाठी कुनी झोपेत हसतं का?"

दुपारी दोघं पुंजारामच्या मागोमाग बेलापुरात उतरली. पुंजाराम कानिफनाथच्या मिक्सर-पंखे दुरुस्तीच्या दुकानात शिरला आणि शटर अर्धं खाली आलं. आतून कुणीतरी घुमल्यासारखा आवाज येत होता, "हंऽ… हंहंऽ…"

"ऐकलं?" चांगुणा कुजबुजली. बुवांनी वाकून शटर खाडकन वर केलं.

आत बाई नव्हती, मंडळही नव्हतं. जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर काळी तबकडी फिरत होती आणि पुंजाराम डोळे मिटून फळीवर बोटं नाचवत होता.

"शिर्डीच्या एका हाटेलवाल्यानं दुरुस्तीला टाकलाय," कानिफनाथ गडबडून म्हणाला. "आत ही एकच तबकडी निघाली. जाझ म्हनत्यात. पियानो हाय, आन वाजवनारा वाजवता वाजवता सोताच घुमतोय."

"अभंग नासवायला बरी घावली! लाव पयल्यापास्नं. बिगाड कुठं हाय ते मला बघू दे."

सुई टेकली. डावा हात उसाच्या भरल्या गाडीसारखा जड, संथ चालला होता. उजवा मागून खोडकरपणे धावत येई, एक ऊस उपसून पळे. मध्येच तो असा काही हळवा झाला, की चांगुणाचा राग कुठल्या कुठं गेला. "ह्याचं कुनीतरी गेलंय," ती पदर तोंडाशी नेत म्हणाली.

तबकडी संपली. बुवांनी घसा खाकरला.

"बिगाड ह्या बाजूला न्हाई. उलटी कर."

रविवारी पुंजारामनं बुवांना दिलेल्या शब्दाप्रमाणे पेटी अगदी सरळ वाजवली. अभंग चढत गेला आणि ऐन समेवर टाळ चुकले. अर्धा क्षण उशिरा, ऐटीत, डुलत आले. सगळं मंडळ वळून बघू लागलं. परीक्षकांनी पेन उचललं. बुवा स्वतःच्याच हातांकडे संशयानं बघत होते.

पेटीवरून मान न उचलता पुंजाराम पुटपुटला, "दुसऱ्या बाजूचं तिसरं गानं न्हवं का, बुवा?"

"चवथं," बुवा दातांतल्या दातांत म्हणाले.